विजेचा हिशेब

रॉकेलच्या दिव्याचा खर्च डोळ्यांना दिसत असे. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसताना त्याच्या टाकीत किती तेल उरले आहे, हे घरातील लहान मुलालाही कळे. डबा हलका लागू लागला की गृहिणी वात थोडी खाली करी. तेल, कोळसा, सरपण, धान्य या सर्व जिनसांची रीत एकच होती. त्या मोजून घरात येत, त्यांचे दाम बहुधा आधी दिले जात आणि शिल्लक पाहून त्या वापरल्या जात. विजेची रीत याच्या अगदी उलट आहे. वीज दिसत नाही, तिला वजन नाही आणि ती कोठीच्या खोलीत भरून ठेवता येत नाही. ती आधी वापरली जाते आणि तिचे दाम मागाहून मागितले जातात. म्हणूनच विजेच्या बाबतीत जी फसगत होते, ती तेलाच्या डब्याच्या बाबतीत सहसा होत नसे.

ही फसगत बिलाच्या रूपाने दारात येते. दरमहा चारपाचशे रुपयांची सवय असलेल्या घरी एके दिवशी दोन हजारांचे बिल येऊन पडते. मोलमजुरीवर किंवा बेताच्या पगारावर चालणाऱ्या संसारात एवढी रक्कम म्हणजे महिन्याचा किराणा किंवा मुलांच्या शाळेचा खर्च होय. अशा वेळी माणसे बहुधा दोन प्रकारे वागतात. काही जण संतापून कार्यालय गाठतात आणि मीटर खोटे आहे असा आरोप करतात. काही जण वीज तोडली जाईल या भीतीने, कर्ज काढूनही मुकाट्याने पैसे भरतात. दोघांचे वागणे परस्परविरुद्ध दिसले, तरी दोघांची उणीव एकच असते. हातातील कागद दोघांपैकी कोणीही वाचलेला नसतो. बिल मोठे आहे एवढ्यावरून ते चुकीचे ठरत नाही, आणि छापील आहे एवढ्यावरून ते बरोबरही ठरत नाही. त्याचा निर्णय हिशेबानेच करावा लागतो.

विजेचा हिशेब ज्या मापाने होतो त्यास युनिट म्हणतात. एक हजार वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्च होते. उपकरणाच्या वॉटला तो किती तास चालला त्या संख्येने गुणावे आणि एक हजाराने भागावे, म्हणजे युनिटांचा आकडा हाती येतो. हे वॉट उपकरणाच्या पाठीवर अथवा तळाशी छापलेले असतात. प्राथमिक शाळेतील गुणाकार-भागाकारापलीकडे या कामी कोणतीही विद्या लागत नाही.

हे गणित घरातील उपकरणांना लावून पाहिले म्हणजे मोठी गंमत दिसते. ९ वॉटचा एल.ई.डी. दिवा रोज सहा तास जळला, तर महिन्याला पावणेदोन युनिटेही खर्च होत नाहीत. ७५ वॉटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला, तर महिन्याला २७ युनिटे होतात. विदर्भातील उन्हाळ्यात ज्यावाचून दिवस जात नाही तो कूलर २०० वॉटचा धरला आणि रोज बारा तास चालला, तर महिन्याला ७२ युनिटे होतात. आणि २००० वॉटचा गीझर रोज प्रत्यक्ष एक तास तापत राहिला, तर ६० युनिटे खर्च होतात. म्हणजे एका गीझरच्या विजेवर ३७ दिवे महिनाभर जळू शकतात. तरीसुद्धा घरातील वडीलधारी माणसे मुलांना दिवा मालवण्याविषयी रोज बजावतात आणि न्हाणीघरातील गीझर मात्र तासन्‌तास सुरू राहतो. दिवा डोळ्यांत भरतो, म्हणून त्याची काळजी घेतली जाते. गीझर भिंतीवर मुकाट्याने वीज पीत असतो, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

यातून एक साधा नियम निघतो. उष्णता निर्माण करणारी आणि उष्णता बाहेर काढणारी उपकरणे विजेची खरी गिऱ्हाइके होत. गीझर, इस्त्री, विजेची शेगडी ही पहिल्या वर्गातील होत. वातानुकूलन यंत्र आणि फ्रिज ही दुसऱ्या वर्गातील. साध्या गीझरमध्ये पंधरा लिटर पाणी २५ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे सहा दशांश युनिट वीज लागतेच. मात्र तापलेले पाणी न वापरता निवू दिले आणि ते पुन्हा तापविले, तर तीच किंमत पुन्हा मोजावी लागते.

वापरलेल्या युनिटांना दराने गुणले म्हणजे बिल झाले, असे मात्र नाही. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढत जातो. पहिला टप्पा १०० युनिटांपर्यंत, दुसरा १०१ ते ३००, तिसरा ३०१ ते ५०० आणि चौथा त्यापुढील, अशी ही रचना आहे. याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. वापर १०० युनिटांच्या वर एक युनिट जरी गेला, तरी सर्वच युनिटांना वरचा दर लागतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः वरचा दर वरच्या टप्प्यातील युनिटांनाच लागतो. गणिताच्या सोयीसाठी पहिल्या टप्प्याचा दर चार रुपये आणि दुसऱ्याचा नऊ रुपये असा मानू. १०१ युनिटांची किंमत चारशे नऊ रुपये होईल. नऊशे नऊ होणार नाही. तथापि वरच्या टप्प्यातील प्रत्येक युनिट महाग पडते. त्यामुळे वापर दीडपट झाला, तरी बिल दीडपटीहून अधिक वाढते.

आता बिलाच्या कागदाकडे वळू. प्रथम पाहावयाचे ते दोन आकडे म्हणजे मागील रीडिंग आणि चालू रीडिंग. चालूमधून मागील वजा केले म्हणजे वापरलेली युनिटे मिळतात. चालू रीडिंगचा आकडा मीटरवरील आकड्याशी ताडून पाहावा. बिल हाती येईपर्यंत काही दिवस गेलेले असतात, म्हणून मीटरवरील आकडा थोडा पुढे असणार, हे उघड आहे. परंतु तो बिलातील आकड्यापेक्षा मागे असेल, तर रीडिंग घेण्यात चूक झाली आहे हे तेथेच सिद्ध होते. त्यानंतर बिल किती दिवसांचे आहे ते मोजावे. तीस दिवसांऐवजी चाळीस दिवसांचे असेल, तर वाढीचे निम्मे कारण तेथेच सापडते. मागील थकबाकी आणि तिच्यावरील व्याज रकमेत मिळविले आहे काय, ग्राहकाचा वर्ग घरगुतीऐवजी दुसराच लागला आहे काय, हेही पाहावे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि शासनाचे वीज शुल्क या बाबी बिलात स्वतंत्रपणे दिलेल्या असतात. त्यांपैकी इंधन समायोजन आकार इंधनाच्या व वीज खरेदीच्या खर्चानुसार बदलतो. याखेरीज सुरक्षा ठेवीची वाढीव मागणी वेगळ्या बिलाने येते. ती ठेव ग्राहकाच्या नावे जमा राहते आणि तिच्यावर व्याज मिळते. तिला वापराचे बिल समजून घाबरून जाऊ नये.

बिलावर रीडिंगच्या जागी ‘उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा शेरा असेल, तर विशेष सावध राहावे. घर बंद असल्यामुळे किंवा अन्य कारणाने रीडिंग मिळाले नाही, तर मागील वापराच्या सरासरीवरून बिल दिले जाते. पुढे खरे रीडिंग मिळाले की राहिलेला सर्व वापर एकाच बिलात येतो. २०२० साली महाराष्ट्रातील लक्षावधी घरांना याचा अनुभव आला. कोविडच्या साथीमुळे त्या वर्षी मार्चच्या अखेरीस टाळेबंदी जाहीर झाली आणि घरोघर जाऊन रीडिंग घेण्याचे काम थांबले. महावितरणने त्या काळात सरासरीवर बिले दिली. ती सरासरी हिवाळ्याच्या महिन्यांतील होती. प्रत्यक्षात मात्र उन्हाळा होता, आणि सारे कुटुंब दिवसभर घरात होते. त्यातच १ एप्रिल २०२० पासून नवे दर लागू झाले होते. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झाले आणि राहिलेल्या वापराची बिले एकदम लोकांच्या हाती पडली. रोजगार थांबलेला असताना आलेल्या या बिलांनी राज्यभर मोठा असंतोष उसळला. पुढे ही रक्कम हप्त्यांनी भरण्याची मुभा देण्यात आली.

त्या प्रसंगाचे मर्म एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कुटुंबाला तीन महिने दरमहा ८० युनिटांचे सरासरी बिल आले आणि प्रत्यक्षात त्याने दरमहा १५० युनिटे वापरली. दर वर मानल्याप्रमाणेच धरू, तिसऱ्या टप्प्याचा दर तेरा रुपये मानू आणि इतर आकार बाजूला ठेवू. तीन महिन्यांचा एकूण वापर ४५० युनिटे झाला. हिशेबाची योग्य रीत अशी की हा वापर तीन महिन्यांत वाटावा. मग प्रत्येक महिन्याच्या १०० युनिटांना चार रुपये आणि ५० युनिटांना नऊ रुपये, असे साडेआठशे रुपये होतात. तीन महिन्यांचे २५५० रुपये. त्यातून सरासरी बिलांपोटी भरलेले ९६० रुपये वजा केले म्हणजे १५९० रुपये उरतात. दरमहा ३२० रुपये भरणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम जवळजवळ पाचपट वाटेल. तरीही तीत एका पैशाची चूक नाही. आता हीच ४५० युनिटे एकाच महिन्याची म्हणून धरली, तर पहिल्या १०० युनिटांचे ४००, पुढील २०० चे १८०० आणि उरलेल्या १५० चे १९५० असे ४१५० रुपये होतात. भरलेले ९६० वजा जाता मागणी ३१९० रुपयांची होईल आणि त्या कुटुंबावर १६०० रुपयांचा अन्याय होईल. डोळ्यांना ही दोन्ही बिले सारखीच भयंकर दिसतात. पहिले न्याय्य आहे आणि दुसरे अन्याय्य आहे, हा भेद केवळ गणितालाच दिसतो.

कागद बरोबर ठरला, परंतु वापराचा आकडा मात्र पटत नाही, असे झाल्यास शोध घराच्या आत घ्यावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहानसा दिवा लुकलुकत असतो. वीज वाहत असेल त्या मानाने त्याची लुकलुक वाढते किंवा कमी होते. घरातील सर्व उपकरणे बंद करावीत; फ्रिज, इन्व्हर्टर आणि दूरदर्शन संचाजवळची पेटी यांचे बटणही विसरू नये. त्यानंतरही तो दिवा लुकलुकत राहिला, तर घरात कोठेतरी वीज वाहत आहे असे समजावे. मग मुख्य स्विच बंद करून पाहावे. लुकलुक थांबली, तर दोष घरातील तारांत अथवा एखाद्या विसरलेल्या उपकरणात आहे. ओल धरलेल्या भिंतीतील जुन्या तारांतून वीज झिरपते, आणि अशी गळती पैशापुरती राहत नाही. ती जिवावरही बेतू शकते. मुख्य स्विच बंद असूनही लुकलुक चालूच राहिली, तर मीटर सदोष असेल किंवा मीटर आणि स्विच यांच्या दरम्यान कोणी तार जोडून वीज नेत असेल.

मीटरच्या वेगाची ढोबळ परीक्षाही घरी करता येते. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. बाकी सारे बंद ठेवून एक हजार वॉटची विजेची शेगडी सहा मिनिटे चालविली, तर एक दशांश युनिट खर्च होते आणि दिवा सुमारे ३२० वेळा लुकलुकावयास हवा. विजेचा दाब कमीअधिक असल्यास या संख्येत थोडा फरक पडतो. परंतु संख्या पाचशेच्या घरात गेली, तर मीटर तपासून घेण्यास सबळ कारण मिळाले असे म्हणता येईल. ही परीक्षा मोठ्या माणसांनी करावी आणि मुलांनी जवळ राहून मोजणी करावी. मीटरचे सील कोणीही तोडू नये आणि उघड्या तारेला हात लावू नये. तारांची दुरुस्ती परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. मीटर तपासण्याचे काम वीज कंपनीच्या प्रयोगशाळेचे आहे; ठरावीक शुल्क भरून ग्राहकाला त्याची मागणी करता येते.

चूक सापडली, तर तक्रार लेखी द्यावी. तोंडी बोललेले वाऱ्यावर जाते. कागदाला मात्र उत्तर द्यावे लागते. तक्रारीत ग्राहक क्रमांक, बिलाचा महिना, बिलातील आणि मीटरवरील रीडिंग आणि मीटरचे छायाचित्र असावे, आणि दिलेल्या अर्जाची पोच घ्यावी. येथे कायदा ग्राहकाच्या पाठीशी उभा आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे, बिल थकले म्हणून वीज तोडावयाची असेल, तर किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाविषयी वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरता येते. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. कार्यालयात समाधान झाले नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते, आणि त्यावरही न्याय मिळाला नाही असे वाटल्यास मुंबई किंवा नागपूर येथील विद्युत लोकपालांकडे दाद मागता येते. संतापाने खिडकीवर मूठ आपटणाऱ्या माणसापेक्षा हातात हिशेबाचा कागद घेऊन शांतपणे उभा राहणारा माणूस अधिक बलवान असतो.

परंतु हक्काबरोबर कर्तव्यही येते. शोधाअंती वापर खरोखरच आपला आहे असे दिसून आले, तर ते मान्य करून दाम दिले पाहिजे. एकदम झेपत नसेल, तर हप्ते मागून घ्यावेत. बिल वाढले म्हणून तारेवर आकडा टाकणे ही चोरी होय, आणि त्या आकड्याने कित्येकांचे प्राणही गेले आहेत. आकडा टाकून नेलेल्या विजेचा भार अखेर इमानदारीने बिल भरणाऱ्या शेजाऱ्यावर पडतो, हेही विसरता कामा नये.

वापर खरा असेल, तर उपायही खराच करावा लागतो. तो मोठ्या खर्चाच्या उपकरणांपासून सुरू करावा. गीझर स्नानापूर्वी थोडा वेळ लावून लगेच बंद करावा. इस्त्रीचे कपडे साठवून एकदम करावेत. फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले असल्यास बदलावे आणि त्याच्या पाठीमागे वारा खेळू द्यावा. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविले, तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे मानले जाते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून ही यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकावीत असा नियम झाला. नवे उपकरण घेताना किमतीबरोबर त्यावरील तारेही पाहावेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ साली सुरू केलेल्या या खुणेत तारे जितके अधिक, तितकी वीज कमी लागते. न वापरता चालू ठेवलेली उपकरणेही कमी लबाड नाहीत. दहा वॉट ओढणारी एखादी पेटी रात्रंदिवस जोडलेली राहिली, तर महिन्याला सात युनिटांहून अधिक वीज फुकट जाते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण जशी साठवणुकीला लागू आहे, तशीच ती गळतीलाही आहे.

सर्वांत सोपा आणि बिनखर्चाचा उपाय मात्र एक वही हाच होय. दर रविवारी ठरावीक वेळी मीटरवरील आकडा तीत लिहावा आणि मागील आठवड्याचा आकडा त्यातून वजा करावा. हे काम घरातील शाळकरी मुलाने किंवा मुलीने आनंदाने आपल्याकडे घ्यावे. अलीकडे बसविण्यात येत असलेल्या स्मार्ट मीटरांचे रीडिंग कोणी न येताही आपोआप कंपनीकडे पोहोचते. परंतु ते तपासून पाहणारा डोळा तेथेही घरचाच असावा लागतो. ज्या घरात अशी वही आहे, तेथे वाढलेला वापर आठवडाभरातच कळतो, तो कशामुळे वाढला हेही आठवते, आणि बिलाचा आकडा कागद येण्यापूर्वीच अंदाजाने सांगता येतो. त्या घरी मोठे बिल येऊ शकेल, पण अनपेक्षित बिल क्वचितच येईल. कंदिलातील तेल डोळ्यांना दिसत होते, म्हणून आपली आजी वात वेळीच खाली करू शकत असे. वीज डोळ्यांना दिसत नाही. तिला पाहण्याचा डोळा म्हणजे हिशेब. तो ज्याने उघडा ठेवला, त्याला ना कोणी फसवू शकत, ना तो कोणावर नाहक आळ घेत.